बॅटरीवरच्या फ्रिजची कुळकथा

स्वयंपाक, झोप आणि प्रवास यांची सोय एकाच गाडीत असलेले फिरते घर म्हणजे मोटरहोम. अशा घरातल्या फ्रिजला भिंतीतल्या प्लगचा आधार नसतो. गाडी उतारावर तिरकी उभी असली तरी त्याला चालावे लागते आणि रात्रभर चालून सकाळच्या दिव्यांना व पाण्याच्या पंपाला पुरेल एवढी वीजही बॅटरीत राखावी लागते. या अटी एकत्र पाळणारा १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर-फ्रिज विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आकाराला आला. त्याचा एकही महत्त्वाचा भाग मोटरहोमसाठी शोधलेला नव्हता. थंडावा निर्माण करण्याची विद्या तोवर शंभर वर्षांहून जुनी झाली होती. अडचण विजेची होती, आणि या फ्रिजचा इतिहास मुख्यतः त्या अडचणीचा इतिहास आहे.

द्रवाची वाफ होताना तो भोवतालची उष्णता शोषून घेतो. ती वाफ दाबून पुन्हा द्रव केली की तीच उष्णता बाहेर टाकली जाते. या फेऱ्यावर चालणाऱ्या यंत्राचे पेटंट जेकब पर्किन्स यांनी १८३४ मध्ये लंडनमध्ये घेतले. त्यांच्या यंत्रात ईथर वापरलेले होते. योगायोग असा, की दोन वेगळ्या धातूंच्या सांध्यातून वीज गेली की एक सांधा थंड होतो, हा झां पेल्तिए यांचा शोधही १८३४ चाच. मोटारीच्या लायटरच्या खाचेत पिन खुपसून चालणाऱ्या स्वस्त थंड पेट्या याच दुसऱ्या शोधाच्या वारस आहेत. बाहेरच्या हवेपेक्षा त्या फार तर २० ते २५ अंशांनी थंड होतात आणि वीज सतत खातात, म्हणून मोटरहोमचा मुख्य फ्रिज होणे त्यांना कधी जमले नाही.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या कॅराव्हॅनमध्ये थंडावा असे तो बर्फाच्या पेटीचा. वाटेत बर्फ मिळेल तिथे तो भरून घ्यायचा आणि वितळलेले पाणी काढून टाकायचे. या पेटीला पहिला खरा पर्याय स्टॉकहोमहून आला, आणि त्यात कॉम्प्रेसर नव्हताच. तिथल्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतले बाल्टसार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुन्टर्स या दोन विद्यार्थ्यांनी १९२२ मध्ये शोषण पद्धतीचा एक विलक्षण फ्रिज तयार केला. त्यात अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन एकाच बंद नळीजाळात असतात. ज्योतीने किंवा तापतारेने अमोनियाचे द्रावण तापवले की बुडबुडे त्याला वर उचलतात, अमोनिया सुटा होतो, पुढे द्रव होतो, हायड्रोजनच्या सान्निध्यात त्याची पुन्हा वाफ होते आणि थंडावा निर्माण होतो. शेवटी पाणी त्याला परत शोषून घेते. हायड्रोजनमुळे सगळ्या जाळात एकूण दाब सारखाच राहतो, म्हणून पंप लागत नाही. एकही भाग हलत नाही आणि आवाजही होत नाही. इलेक्ट्रोलक्सने १९२५ मध्ये हे तंत्र विकत घेतले. पुढे कॅराव्हॅनवाल्यांनी ते इतके आपलेसे केले, की स्वयंपाकाचा गॅस, घरगुती वीज आणि गाडीची बॅटरी अशा तिन्हींवर चालणारा शोषण-फ्रिज दीर्घकाळ या गाड्यांचा ठरलेला फ्रिज होता. डोमेटिक या कंपनीचे नाव या घराण्याशी आजही जोडलेले आहे.

या फ्रिजची मर्यादा त्याच्या गुणांतूनच येते. द्रव वर चढतो तो बुडबुड्यांच्या जोरावर आणि खाली येतो तो निव्वळ उताराने. त्यामुळे गाडी बरीच तिरकी उभी राहिली की फेरा अडतो. बाहेर ऊन वाढले की त्याची ताकद चटकन घटते. असे बरेच फ्रिज ३२ अंशांपर्यंतच्या हवेसाठी प्रमाणित असतात. बॅटरीच्या बाबतीत तर हिशोबच जुळत नाही. १२० वॉटची तापतार म्हणजे १२ व्होल्टवर १० ॲम्पिअर, दिवसभरात २४० ॲम्पिअर-तास. मोटरहोममधली नेहमीची बॅटरी १०० ॲम्पिअर-तासांची असते. म्हणून शोषण-फ्रिज बॅटरीवर चालवायचा तो इंजिन चालू असताना, अल्टरनेटरच्या जोरावर. मुक्कामी पोहोचले की गॅस.

खर्च होणाऱ्या ऊर्जेच्या मोबदल्यात मिळणारा थंडावा पाहिला तर कॉम्प्रेसर शोषण पद्धतीच्या कितीतरी पुढे आहे. मग तो गाडीत इतक्या उशिरा का आला? उत्तर त्याच्या बंद डब्यात आहे. सुरुवातीच्या घरगुती फ्रिजमध्ये मोटर बाहेर असे आणि पट्ट्याने कॉम्प्रेसर फिरवी. फिरता दांडा कवचातून जिथे आत जाई तिथून शीतक वायू झिरपत राही. १९२७ साली बाजारात आलेल्या जनरल इलेक्ट्रिकच्या मॉनिटर टॉप फ्रिजने मोटर आणि कॉम्प्रेसर दोन्ही एकाच झाळलेल्या पोलादी डब्यात बंद केले. गळती थांबली, देखभाल संपली आणि घरोघरचा फ्रिज याच वळणावर गेला. या डब्यातली मोटर मात्र प्रत्यावर्ती विजेवर फिरणारी. तिला ब्रश नसतात, ठिणग्या नसतात.

बॅटरी देते ती एकदिश वीज. त्या काळच्या एकदिश मोटरला कार्बनचे ब्रश लागत. ते झिजतात, त्यांची पूड पडते, ठिणग्या उडतात. कायमच्या झाळलेल्या, तेल आणि शीतक भरलेल्या डब्यात असली मोटर ठेवणे शक्यच नव्हते. बोटींवर आणि गाड्यांवर त्यातून निघालेल्या वाटा ओबडधोबड होत्या. कोणी इंजिनाच्या पट्ट्यावर कॉम्प्रेसर चढवला, कोणी मोठा इन्व्हर्टर लावून घरगुती फ्रिज चालवला. पहिल्या वाटेत इंजिन बंद म्हणजे थंडावा बंद. दुसऱ्या वाटेत इन्व्हर्टर स्वतःच बरीच वीज खाई.

ही कोंडी अर्धवाहकांनी फोडली. मोटरला पुरेसा प्रवाह सोसणारे आणि भराभर चालू-बंद होणारे स्वस्त ट्रान्झिस्टर हाताशी आले आणि एकदिश वीज जागच्या जागी हवी तशी उलटसुलट करणे शक्य झाले. जपानच्या सावाफुजी कंपनीने १९६० च्या दशकात एंजेल नावाच्या फ्रिजमध्ये वेगळीच युक्ती केली. तिच्या कॉम्प्रेसरमधली मोटर फिरत नाही. चुंबकीय क्षेत्रात मागेपुढे झुलते आणि दट्ट्याला थेट ढकलते. हलणारे भाग अगदी मोजके. ऑस्ट्रेलियाच्या आतल्या रुक्ष मुलखात हिंडणाऱ्यांनी हा फ्रिज उचलून धरला.

दुसरी वाट डेन्मार्कची. आल्स बेटावरच्या नूरबॉर्ग गावी मॅड्स क्लाउसेन यांनी १९३३ मध्ये काढलेल्या कारखान्यातून डॅनफॉस कंपनी वाढली. थंडीच्या यंत्रांची नियंत्रणे हा तिचा मूळ धंदा. पुढे तिने घरगुती कॉम्प्रेसर केले आणि १९७० च्या दशकात बीडी मालिकेचे १२ व २४ व्होल्टचे छोटे कॉम्प्रेसर बाजारात आणले. फ्रिज कोणी बनवला आणि दारावर कोणाचे नाव आहे, याने फारसा फरक पडत नसे. जर्मनीतल्या एम्सडेटनच्या वाएकोपासून इटलीतल्या फ्रिज-कारखान्यांपर्यंत अनेकांच्या पेट्यांमागे हाच काळा डबा असे. मोटरहोमच्या फ्रिजचा मूळपुरुष म्हणायचा तर तो हाच. २०१० मध्ये डॅनफॉसने हा धंदा विकला आणि तेव्हापासून हे कॉम्प्रेसर सेकॉप या नावाने मिळतात.

या घराण्यातला सर्वांत परिचित सदस्य म्हणजे बीडी-३५एफ. त्याच्या दट्ट्याच्या एका फेरीत जेमतेम २ घन सेंटिमीटर वायू दाबला जातो. डब्यात कायम चुंबकांचा फिरता भाग आणि भोवती तारेची तीन वेटोळी असतात. मेंदू बाहेर, डब्याला चिकटवलेल्या इलेक्ट्रॉनिक पेटीत. ही पेटी एका वेळी दोन वेटोळ्यांत प्रवाह सोडते. तिसऱ्या, रिकाम्या वेटोळ्यात फिरत्या चुंबकामुळे जो विद्युतदाब उमटतो त्यावरून चुंबक कुठे आहे हे ओळखते आणि प्रवाह पुढच्या जोडीत ढकलते. ब्रशचे काम असे झाळलेल्या डब्याबाहेर बसलेले ट्रान्झिस्टर करतात. शीतकापर्यंत ठिणगी पोहोचत नाही आणि डबा वर्षानुवर्षे उघडावा लागत नाही.

फिरण्याचा वेग थर्मोस्टॅटच्या तारेत घातलेल्या रोधाने ठरतो. रोध नसेल तर मिनिटाला २,००० फेरे, २७७ ओहमला २,५००, ६९२ ला ३,००० आणि १,५२३ ओहमला ३,५००. वेग कमी ठेवला तर कॉम्प्रेसर जास्त वेळ चालतो, पण एकूण वीज सहसा कमी लागते. नंतरच्या पेट्या हा वेग गरजेप्रमाणे स्वतःच बदलू लागल्या.

बॅटरी पूर्ण रिकामी होऊ नये म्हणून याच पेटीत एक राखणदारही बसवलेला आहे. मूळ मांडणीत विद्युतदाब १०.४ व्होल्टवर उतरला की कॉम्प्रेसर थांबतो आणि ११.७ वर चढला की पुन्हा सुरू होतो. मोटरहोममधल्या अनेक तक्रारींचे मूळ या दोन आकड्यांत सापडते, कारण हा दाब बॅटरीच्या टोकांवर मोजला जात नाही. तो फ्रिजच्या टोकांवर मोजला जातो. समजा बॅटरीपासून फ्रिज ६ मीटरवर आहे आणि तार १.५ चौरस मिलिमीटरची आहे. जाऊन-येऊन १२ मीटर तांब्याचा रोध ०.१४ ओहम होतो. ५ ॲम्पिअर वाहू लागले की वाटेतच ०.७ व्होल्ट हरवतात. बॅटरीवर ११.१ असताना फ्रिजला १०.४ दिसतात आणि तो बंद पडतो. प्रवाह थांबला की तारेतली घटही नाहीशी होते, बॅटरीही थोडी सावरते, दाब ११.७ च्या वर जातो आणि कॉम्प्रेसर पुन्हा उठतो. काही वेळात परत तेच. पेटीला जोडलेला छोटा दिवा अशा वेळी थांबून थांबून एकदा लुकलुकतो. मोटर सुरूच न होण्याची खूण तीन लुकलुकींची आणि पेटी तापल्याची पाच. पुष्कळदा अशा फ्रिजचा गॅस तपासला जातो, कॉम्प्रेसर बदलायचे ठरते, आणि दोष निघतो तो तारेत. उत्पादकाचे कोष्टक १२ व्होल्टसाठी सरळ आहे. २.५ चौरस मिलिमीटरची तार २.५ मीटरपर्यंत, ४ ची ४, ६ ची ६ आणि १० ची १० मीटरपर्यंत. फ्यूज १५ ॲम्पिअरचा आणि जोडणी शक्यतो थेट बॅटरीवर.

विजेचा रोजचा हिशोबही अवघड नाही. चालू असताना ४ ॲम्पिअर घेणारा ५० लिटरचा फ्रिज दिवसातला ४० टक्के वेळ चालला तर २४ तासांत सुमारे ३८ ॲम्पिअर-तास जातात. शिसे-आम्लाची १०० ॲम्पिअर-तासांची बॅटरी निम्म्याखाली उतरवली तर तिचे आयुष्य घटते, म्हणजे हाती राहतात ५०. सव्वा दिवसाचा शिधा. १०.४ व्होल्टचा राखणदार इथे फारसा उपयोगी नाही, कारण तो जागा होईपर्यंत शिशाची बॅटरी निम्म्याच्या खूप खाली गेलेली असते. ४० टक्के हा आकडाही परिस्थितीवर हलतो. फ्रिजच्या पाठीमागची हवा कोंडली, खालून गार हवा येण्याची आणि वरून गरम हवा जाण्याची वाट बुजली, की कॉम्प्रेसर थांबायचे नाव घेत नाही. पेटी कोणत्या बाजूने उघडते यानेही फरक पडतो. फोक्सवॅगनच्या २००३ च्या कॅलिफोर्निया गाडीत ४२ लिटरची पेटी वरून उघडणारी होती. थंड हवा जड असल्यामुळे झाकण उघडले तरी ती आतच राहते. उभे दार उघडले की ती पायावर सांडते.

पुढची दोन वळणे कॉम्प्रेसरच्या बाहेरून आली. पहिले शीतकाचे. १९८७ च्या माँट्रिअल करारानंतर ओझोनला घातक असलेला आर-१२ गेला आणि त्याच्या जागी आर-१३४ए आला. त्याने ओझोनला धोका नसला तरी तापमानवाढ घडवण्याची त्याची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून अधिक आहे. म्हणून आता आयसोब्युटेन आणि प्रोपेन यांच्याकडे ओढा आहे. हे दोन्ही वायू ज्वलनशील आहेत, पण इतक्या छोट्या फ्रिजमध्ये ते मोजकेच ग्रॅम लागतात.

दुसरे वळण बॅटरीचे, आणि फ्रिजचे भाग्य खऱ्या अर्थाने पालटले ते त्यानेच. ए. के. पाधी, के. एस. नंजुंडस्वामी आणि जॉन गुडइनफ यांनी १९९७ मध्ये टेक्सास विद्यापीठातून लिथियम आयर्न फॉस्फेटवरचे संशोधन प्रसिद्ध केले. त्यातून निघालेली बॅटरी ८०-९० टक्के उपसली तरी तिला फारशी इजा होत नाही. जवळजवळ रिकामी होईपर्यंत तिचा दाब १३ व्होल्टच्या आसपास टिकतो. त्याच १०० ॲम्पिअर-तासांत फ्रिज दोन दिवसांहून जास्त चालू लागला आणि छपरावर १००-२०० वॉटचे सौर पॅनल असले तर उन्हाळ्यात मुक्कामाला मर्यादाच उरली नाही.

हाच कॉम्प्रेसर गाडीतून उतरून दवाखान्यातही गेला. ग्रीनपीस, युनिसेफ, जागतिक आरोग्य संघटना आणि डॅनफॉस यांच्या सहभागाने आखलेल्या सोलारचिल प्रकल्पात लसींच्या फ्रिजला सौर पॅनल थेट जोडले. त्यातली बॅटरी काढून टाकली आणि दिवसा बर्फ करून रात्रीचा थंडावा त्या बर्फात साठवला.

मोटरहोममध्ये कोणता फ्रिज चालेल हे शेवटी हवामानावरही ठरते. महाराष्ट्र शासनाने कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण २०२१ मध्ये आणले. मे महिन्यात विदर्भात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. ३२ अंशांसाठी प्रमाणित केलेल्या शोषण-फ्रिजचा तिथे निभाव लागणे कठीण. ४३ अंशांपर्यंतच्या हवेसाठी प्रमाणित असलेला, मागे मोकळी हवा मिळणारा कॉम्प्रेसर-फ्रिज तिथे त्याहून बराच टिकाव धरतो. उत्तर युरोपातल्या हिवाळ्यात मात्र ऊन थोडे मिळते, दिवस आखूड असतात आणि गाडी आठवडाभर एका जागी उभी राहते. तिथे दिवसाला काही शे ग्रॅम गॅसवर आवाज न करता चालणारा स्टॉकहोमचा शोषण-फ्रिज मोठ्या मोटरहोममध्ये अजून बसवला जातो.