छायाचित्रांवरून युद्धकालीन लढाऊ विमान व वैमानिक यांची ओळख

जुन्या छायाचित्रात दिसणारे लढाऊ विमान नेमके कोणते व त्यासोबतचा वैमानिक कोण, हे चित्रातील खुणा आणि समकालीन लष्करी नोंदी यांच्या आधारे ठरविण्याची पद्धती विमानेतिहासाच्या अभ्यासात रूढ आहे. दुसऱ्या महायुद्धातील (१९३९–१९४५) छायाचित्रांच्या बाबतीत ती विशेष वापरली जाते.

महत्त्व

युद्धकाळातील असंख्य छायाचित्रे नाव, स्थळ व दिनांक यांच्या नोंदीशिवाय कुटुंबांच्या संग्रहात राहिली. इंग्लंडमधील रनिमीड येथील स्मारकावर, ज्यांची कबर ज्ञात नाही अशा राष्ट्रकुलाच्या वायुसेनांतील २०,००० हून अधिक व्यक्तींची नावे कोरलेली आहेत. अशा बेपत्ता वैमानिकाच्या अखेरच्या दिवसांचा माग काढताना एखादे छायाचित्र महत्त्वाचा दुवा ठरू शकते. याउलट, चुकीची ओळख एकदा छापली गेली की ती पुस्तकांतून पुढे चालत राहते आणि एका व्यक्तीचा इतिहास दुसऱ्याच्या नावावर जमा होतो.

विमानाचा प्रकार

प्रथम विमानाचा प्रकार व उपप्रकार निश्चित केला जातो. हॉकर हरिकेनचा रेडिएटर धडाच्या मध्यभागी खाली असतो व चाके आतल्या बाजूस मिटतात. सुपरमरीन स्पिटफायरची चाके बाहेरच्या बाजूस मिटतात व पंख लंबवर्तुळाकार असतात. मेसरश्मिट बीएफ १०९ च्या ‘ई’ उपप्रकारात पंखांची टोके चौकोनी असून आडव्या शेपूटपंखांना खालून आधारदांड्या असतात. ‘एफ’ उपप्रकारात टोके गोलाकार असून त्या दांड्या नाहीत.

छायाचित्र उलटे छापले गेले आहे काय, हेही याच टप्प्यावर तपासले जाते. सुरुवातीच्या स्पिटफायरमध्ये तेल थंड करणारा लहान शीतक डाव्या पंखाखाली, तर मोठा रेडिएटर उजव्या पंखाखाली असे. ब्रिटिश वैमानिकाचे पंखचिन्ह गणवेशावर छातीच्या डाव्या बाजूस असते. या गोष्टी विरुद्ध बाजूस दिसल्यास चित्र उलटे असते.

सांकेतिक अक्षरे व क्रमांक

ब्रिटिश विमानाच्या धडावर वर्तुळचिन्हाच्या एका बाजूस स्क्वाड्रनची दोन अक्षरे व दुसऱ्या बाजूस त्या विमानाचे एक अक्षर रंगविले जाई. युद्धारंभी, सप्टेंबर १९३९ मध्ये, ही अक्षरे बदलण्यात आली. उदाहरणार्थ, १९ क्रमांकाच्या स्क्वाड्रनची ‘डब्ल्यूझेड’ ही अक्षरे जाऊन ‘क्यूव्ही’ आली. मात्र केवळ अक्षरांवर विसंबता येत नाही. १९४० मध्ये ९२ व ६१६ या दोन्ही स्क्वाड्रनांनी ‘क्यूजे’ ही अक्षरे वापरली. विमान नष्ट झाल्यावर त्याचे अक्षर बदली विमानास दिले जाई. विंग कमांडर दर्जाच्या नेत्यांना स्वतःची आद्याक्षरे रंगविण्याची मुभा होती. जॉनी जॉन्सन यांची ‘जेई-जे’ ही अक्षरे त्यांच्या एकापाठोपाठच्या अनेक विमानांवर आढळतात.

निर्णायक पुरावा धडाच्या मागील भागावरील लहान आकाराच्या क्रमांकाचा असतो, कारण तो एकाच विमानाचा असतो. युद्धकाळात सेन्सॉरकडून हा क्रमांक किंवा सांकेतिक अक्षरे पुष्कळदा खोडली जात.

काळनिश्चिती

रंगसंगतीतील बदलांवरून छायाचित्राचा काळ ठरविता येतो. ब्रिटिश लढाऊ विमानांच्या शेपटीकडील फिकट पट्टा १९४० च्या अखेरीपासून दिसतो. ऑगस्ट १९४१ पासून तपकिरी रंगाऐवजी करडा रंग आला. १९४२ च्या मध्यावर वर्तुळचिन्हातील पांढरी व पिवळी कडी अरुंद झाली. पंख व धडावरील काळेपांढरे पट्टे जून १९४४ मधील नॉर्मंडी मोहिमेच्या वेळचे आहेत.

कृष्णधवल चित्रातील छटा फसव्या असू शकतात. तांबड्या प्रकाशास असंवेदनशील असलेल्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मवर तांबडा रंग जवळजवळ काळा येतो व पिवळाही गडद दिसतो. त्यामुळे वर्तुळचिन्हाभोवतीचे पिवळे कडे नाहीच, असा चुकीचा निष्कर्ष निघू शकतो.

वैमानिकाची ओळख

बाहीवरील पट्ट्यांवरून हुद्दा कळतो: फ्लाइट लेफ्टनंटला दोन पट्टे, स्क्वाड्रन लीडरला त्या दोहोंमध्ये आणखी एक बारीक पट्टा. डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस या पदकाची तिरप्या पट्ट्यांची फीत छातीवर असल्यास छायाचित्र पदक जाहीर होण्यापूर्वीचे असण्याची शक्यता राहत नाही.

त्यानंतर स्क्वाड्रनची युद्धनोंदवही पाहिली जाते. तीत दिवसवार उड्डाणे, वैमानिकांची नावे व पुष्कळदा विमानांचे क्रमांकही असतात. ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात या नोंदवह्या उपलब्ध आहेत. वैमानिकाची वैयक्तिक उड्डाणवही हा दुसरा महत्त्वाचा आधार होय.

उदाहरण : कॅलेचा किनारा

मे १९४० मध्ये डंकर्कच्या लढाईच्या काळात दोन स्पिटफायर विमाने कॅले परिसरातील वाळूवर उतरली. २४ मे रोजी ९२ स्क्वाड्रनचे पीटर कॅझेनोव्ह यांचे पी९३७४ आणि २६ मे रोजी १९ स्क्वाड्रनचे प्रमुख जेफ्री स्टीफन्सन यांचे एन३२०० हे विमान उतरले. दोन्ही वैमानिक युद्धकैदी झाले. जर्मन सैनिकांनी या विमानांजवळ छायाचित्रे काढली.

प्रकार, किनारा व महिना एकच असल्याने केवळ या तीन गोष्टींवरून दोन्ही विमाने वेगळी ओळखता येत नाहीत. फरक खुणांत आहे. पुनर्बांधणीनंतर एन३२०० वर ‘क्यूव्ही’ ही स्क्वाड्रनची अक्षरे, तर पी९३७४ वर ‘जे’ हे एकच अक्षर दिसते. पी९३७४ चे अवशेष १९८० मध्ये, तर एन३२०० चे १९८६ मध्ये वाळूतून वर आले. पी९३७४ ने २०११ मध्ये व एन३२०० ने २०१४ मध्ये पुन्हा उड्डाण केले. एन३२०० हे २०१५ मध्ये डक्सफर्ड येथील इम्पीरियल वॉर म्युझियमला देण्यात आले.

भारतीय संदर्भ

ब्रह्मदेश आघाडीवरील दोस्तांच्या विमानांच्या वर्तुळचिन्हांतून तांबडा रंग काढून टाकण्यात आला, कारण जपानी विमानांच्या तांबड्या वर्तुळाशी त्याची गफलत होण्याचा धोका होता. १९४४ मध्ये अर्जन सिंग यांच्या नेतृत्वाखालील भारतीय वायुसेनेचे १ क्रमांकाचे स्क्वाड्रन इंफाळ येथे हरिकेन विमाने वापरत होते. अशा विमानांच्या छायाचित्रांत तांबड्या रंगाचा अभाव ही आघाडी ओळखण्याची महत्त्वाची खूण ठरते.

नावांवरून मात्र घाईने निष्कर्ष काढता येत नाही. स्पिटफायर वापरणारे १३२ क्रमांकाचे ‘सिटी ऑफ बॉम्बे’ स्क्वाड्रन हे ब्रिटिश रॉयल एअर फोर्सचे होते. विमानावरील किंवा स्क्वाड्रनच्या नावातील भारतीय शहराच्या उल्लेखावरून वैमानिक भारतीय होता असे ठरत नाही.

मर्यादा

वैमानिक नेहमी एकाच विमानातून उड्डाण करीत नसत आणि प्रसिद्धीसाठी काढलेल्या छायाचित्रात एखादा वैमानिक दुसऱ्याच्या विमानाजवळ उभा असू शकतो. म्हणून विमानाची ओळख पटली तरी व्यक्तीची ओळख स्वतंत्रपणे सिद्ध करावी लागते. किमान दोन परस्परांपासून स्वतंत्र पुरावे जुळल्याशिवाय दिलेले नाव ‘संभाव्य’ म्हणूनच नोंदविणे इष्ट ठरते.