पर्ल : सीमांकित मजकूर व त्रुटी

स्वल्पविराम, अर्धविराम, अवतरणे किंवा कंस यांनी बांधलेला मजकूर वेगळा काढणे हे पर्ल या संगणकभाषेचे जुने काम. लॅरी वॉल यांनी १९८७ मध्ये ती प्रसिद्ध केली, तेव्हा अहवाल तयार करणे हाच तिचा मुख्य उपयोग होता.

मुंबईतील नमुने : म्युच्युअल फंडांची संघटना ‘ॲम्फी’ (स्थापना १९९५) योजनांच्या एनएव्ही (प्रतियुनिट निव्वळ मालमत्तामूल्ये) साध्या मजकूर-फाइलीत देते. तिच्या परिचित रूपात योजनेचा क्रमांक, दोन आयसिन (रोख्यांचे ओळखक्रमांक), नाव, एनएव्ही आणि तारीख हे रकाने अर्धविरामांनी तोडलेले असतात. मध्येच फंडघराण्यांची नावे, योजनांचे प्रकार आणि कोऱ्या ओळी येतात. त्यांत अर्धविरामच नसतो. ‘फायनान्स::कोट’ या पर्ल-संचातील ‘इंडियाम्युच्युअल’ विभाग अशा ओळी वगळून उरलेल्यांचे तुकडे करतो. ग्नूकॅश या हिशेबाच्या प्रोग्राममध्ये नोंदी ठेवणाऱ्या अंधेरी-मुलुंडच्या गुंतवणूकदाराला भाव मिळतात ते या वाटेने. खरी मेख एनएव्हीच्या रकान्यात आहे. तिथे ‘एन.ए.’ असेल आणि प्रोग्रामने त्यावर गणित केले, तर पर्ल त्याचे शून्य धरते. इशारे चालू नसतील तर कुरकुरही करत नाही, आणि गुंतवणूक कागदोपत्री बुडते! ओळीचे तुकडे करणारे ‘स्प्लिट’ही शेवटचे रिकामे रकाने टाकून देते, ते हवे असल्यास मर्यादा उणे १ द्यावी लागते.

वांद्रे-कुर्ला संकुलातील राष्ट्रीय शेअर बाजाराची भावकॉपी (दिवसाच्या भावांची फाइल) स्वल्पविरामांची. ८ जुलै २०२४ पासून तिची जुनी मांडणी जाऊन ‘यूडिफ’ ही नवी आली. शीर्षक न वाचता रकान्याचा क्रमांक मोजणारे प्रोग्राम अशा वेळी अडकतात, किंवा अडकत नाहीत आणि भलताच आकडा उचलतात. दुसरा प्रकार अधिक घातक.

टेक्स्ट::बॅलन्स्ड : डेमियन कॉन्वे यांचे मोड्यूल, ५.८ (२००२) पासून पर्लसोबतच मिळते. ‘एक्स्ट्रॅक्ट_डिलिमिटेड’ अवतरणातला मजकूर, उरलेला मजकूर आणि आधी वगळलेला भाग परत देते. जमले नाही तर प्रोग्राम न थांबवता कारण आणि जागा पर्लच्या त्रुटी-चलात ठेवते. हीच हाक त्रुटी पकडणाऱ्या ‘इव्हॅल’मध्ये ठेवली की गोंधळ होतो : इव्हॅल सुखरूप संपताच ते चल कोरे करते आणि कारण पुसले जाते. त्यामुळे ते आतच तपासावे लागते.

टेक्स्ट::सीएसव्ही : अवतरणातल्या स्वल्पविरामांसाठी. फाइल संपली काय किंवा ओळ बिघडली काय, पुढची ओळ वाचणारे ‘गेटलाइन’ हात हलवत परतते. फरक वेगळा विचारावा लागतो.

ट्राय-कॅच : त्रुटी पकडण्याची ही रचना पर्ल ५.३४ (२०२१) मध्ये प्रायोगिक, ५.४० (२०२४) मध्ये स्थिर.