किल्ला आणि बाहुल्या : म्हैसूरच्या मराठी मुलांचा इतिहास

नवरात्र बसले की म्हैसुरातील आमच्या कानडी शेजाऱ्यांच्या घरी पायऱ्यापायऱ्यांची मांडणी उभी राहते. सर्वांत वर लाकडी राजाराणी, त्यांना येथे ‘पट्टद गोंबे’ म्हणतात. खाली देवादिक, दरबार, लग्नाची वरात, बाजार, विहिरीवरच्या बायका, शेतकरी आणि त्याचे बैल. मुले घरोघर जाऊन बाहुल्या पाहतात आणि खाऊ घेऊन येतात. पुढे जेमतेम तीन आठवडे जातात, दिवाळी येते, आणि मराठी घरांच्या अंगणात दगडमातीचा किल्ला उभा राहतो. त्यावर अळीव किंवा मोहरी पेरलेली असते, बुरुजावर मावळे, आणि सिंहासनावर शिवाजीमहाराज. बाहुल्या पाहून आलेली तीच मुले या किल्ल्याची माती कालवीत असतात.

आमच्या मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काही लिहावे असे ठरले, तेव्हा प्रथम हेच चित्र आमच्या डोळ्यांसमोर आले. कारण किल्ल्याभोवती जमलेल्या मुलांपैकी एखादे हमखास विचारते, “श्रीरंगपट्टणचा किल्ला आपला की त्यांचा?” आणि तेथे आम्हां वडीलधाऱ्यांची वाचा बसते. शिवजयंतीच्या कथा आम्ही मोठ्या उत्साहाने सांगत आलो. या प्रश्नाचे उत्तर मात्र आम्ही बहुधा टाळले. लहान मुलांना इतिहास, भूगोल आणि समाजशास्त्र कसे शिकवावे हा प्रश्न पुष्कळांना केवळ शाळेचा वाटतो. परप्रांतात रुजलेल्या कुटुंबांत तो घराचा प्रश्न होतो.

प्रथम हे पाहू की मराठी मुलांच्या हाती इतिहास आला कसा. ग्रँट डफ याचा मराठ्यांचा इंग्रजी इतिहास १८२६ मध्ये प्रसिद्ध झाला. १८३० च्या सुमारास कॅप्टन डेव्हिड केपन याने त्याचे मराठी भाषांतर केले आणि ‘मराठ्यांची बखर’ या नावाने ते आपल्याकडे वाचले जाऊ लागले. म्हणजे आपल्या पूर्वजांची हकीकत मराठी विद्यार्थ्याने प्रथम छापील स्वरूपात वाचली ती जेत्याने लिहिलेली. पुढे १८६० नंतरच्या दशकात नीळकंठ जनार्दन कीर्तने या तरुणाने त्या बखरीवर टीका लिहिली आणि अस्सल कागदपत्रांची मागणी केली. १८७४ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ सुरू झाली आणि स्वत्वाच्या अभिमानाला धार चढली. १८९८ मध्ये राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड काढला. पुढे महाराष्ट्राच्या अनेक पिढ्यांनी इयत्ता चौथीत शिवचरित्र वाचले आणि अनेकांच्या मनात इतिहासाची गोडी त्या एका पुस्तकाने रुजवली.

या सर्व खटाटोपाचे ऋण आम्ही मानतो. तरीही त्यातील एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. कीर्तन्यांनी मागितला होता पुरावा. मुलांपर्यंत बहुतांशी पोहोचला तो अभिमान. महाराष्ट्रात वाढणाऱ्या मुलाला ही उणीव लवकर जाणवत नाही, कारण त्याचे घर, शाळा आणि गाव एकच कथा सांगतात. म्हैसुरातील मराठी मुलाला ती चौथीच्या आतच जाणवते. घरी ऐकलेला वीर शाळेत आक्रमक म्हणून भेटतो आणि शाळेत ऐकलेल्या वीराचे नाव घरी काढले की मोठी माणसे गप्प होतात.

दक्षिणेतील मराठी माणसाने या विषयाचा विचार पूर्वी केलाच नव्हता असे नाही. तंजावरचे सरफोजीराजे दुसरे (राज्यकाल १७९८ ते १८३२) यांनी आपल्या राजधानीत नवविद्येची शाळा काढली. भोसले घराण्याचा इतिहास त्यांनी १८०३ मध्ये बृहदीश्वराच्या मंदिराच्या भिंतीवर मराठीत कोरविला. येणाऱ्याजाणाऱ्याने तो उभ्याउभ्या वाचावा. ‘देवेंद्र कुरवंजी’ हे त्यांचे मराठी नाटक तर अधिकच मनोवेधक आहे. कुरवंजी म्हणजे डोंगरात राहणारी, भविष्य सांगत फिरणारी स्त्री. तमिळ परंपरेतील कुरवंजी आपल्या डोंगरांचे आणि मुलुखाचे वर्णन गाऊन दाखवते. सरफोजीराजांनी तिच्याच तोंडी साऱ्या पृथ्वीचा भूगोल घातला. नाटक केवळ मुलांसाठी नव्हते हे खरे. पण नवे ज्ञान द्यावयाचे तर ते ऐकणाऱ्याच्या ओळखीच्या रूपात आणि त्याच्या मातीतल्या सुरात द्यावे, हे तत्त्व त्यात आहे. तमिळ रूप, मराठी भाषा आणि जगाचा भूगोल या तिहींचा मेळ घालणारा राजा मराठीच होता.

हेच तत्त्व पुढे आमच्या काळाच्या अधिक जवळ ताराबाई मोडकांनी आचरून दाखविले. गिजुभाई बधेका यांच्यासह भावनगरला काम केल्यावर, १९२६ मध्ये स्थापन झालेल्या नूतन बालशिक्षण संघामार्फत त्यांनी बालशिक्षणाचा प्रसार केला. १९४५ मध्ये त्या बोर्डीस आल्या आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघांसह आदिवासी मुलांत काम करू लागल्या. मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसताच त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द तेथला. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. महागड्या साधनांच्या जागी बिया, शिंपले, पाने आणि खडे आले. मुलाचे शिक्षण त्याच्या अंगणातून सुरू होते, हा त्यांचा धडा. मग आमच्या मुलांचे अंगण कोणते? ते म्हैसूरचे आहे, रायगडचे नव्हे. आणि त्या अंगणात रायगडची माती कालवणारे हात आमचे आहेत. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या आहेत.

बाहुल्यांची मांडणी आणि मातीचा किल्ला ही दोन्ही आमच्या मते उत्तम बालशिक्षणाची साधने आहेत. पाचसहा वर्षांच्या मुलाला सनावळीचा अर्थ कळत नाही. ‘तीनशे वर्षांपूर्वी’ आणि ‘आजोबा लहान असताना’ ही त्याला सारखीच लांब असतात. परंतु किल्ल्याला पाण्याचे टाके का लागते, दरवाजा वळणाआड का असतो, बाजारातील धान्य कोणी पिकविले, वरातीत पुढे कोण आणि मागे कोण, हे त्याला हातांनी कळते. राज्य म्हणजे केवळ राजा नव्हे हे बाहुल्यांच्या खालच्या पायऱ्या त्याला सांगतात. देवराज मार्केटात आईचे बोट धरून फिरणाऱ्या मुलाला मोगरा, विड्याची पाने आणि नंजनगूडची केळी कोठून येतात असे विचारावे. अर्थशास्त्र आणि भूगोल यांचा आरंभ तेथे होतो. १९११ मध्ये सुरू झालेले कृष्णराजसागराचे धरण दाखवून, मंड्याकडे ऊस कशामुळे पिकतो हे त्यालाच शोधू द्यावे. जगन्मोहन राजवाड्यात वोडेयार घराण्याची वंशावळ कमळाच्या आकारात रंगविलेली आहे. तसेच एक कमळ मुलाने आपल्या घराण्याचे काढावे. कोणत्या पाकळीवर असताना घर म्हैसुरात आले, कशासाठी आले, आणि आजीने पहिला कानडी शब्द कोणता शिकला, हे त्याने आजीलाच विचारावे.

आठनऊ वर्षे झाली की दुसरी पायरी येते. ‘हे आपल्याला कसे कळले?’ असा प्रश्न आता त्याने करावयाचा. याही बाबतीत आमचे गाव भाग्यवान आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्राची पोथी १९०५ मध्ये म्हैसूरच्याच प्राच्य ग्रंथालयात आर. शामशास्त्री यांच्या हाती आली आणि १९०९ मध्ये त्यांनी ती प्रसिद्ध केली. ती पोथी ग्रंथालयाला दिली होती तंजावरकडील एका पंडिताने. श्रवणबेळगोळ येथून फार दूर नाही. गोमटेश्वराच्या पायाशी चावुंडराजाने ही मूर्ती करविल्याचे कानडी, तमिळ आणि मराठी अशा तीन भाषांत कोरलेले आहे. मराठी ओळीच्या काळाविषयी विद्वानांत मतभेद आहेत. मुलाला तेही सांगावे. जाणती माणसेसुद्धा पुराव्यावरून वाद घालतात हे त्याला कळू द्यावे. आपल्या भाषेच्या अतिप्राचीन ओळींपैकी एक कर्नाटकाच्या दगडावर, कानडीच्या शेजारी बसली आहे, हे पाहिलेले मूल ‘परप्रांत’ हा शब्द थोडा जपून वापरील असा आमचा विश्वास आहे.

आता त्या अवघड प्रश्नाकडे वळू. म्हैसूर आणि मराठे यांचा संबंध बरीच वर्षे तलवारीचा होता, हे मुलांपासून लपविण्यात अर्थ नाही. १६३८ मध्ये विजापूरच्या फौजेने बंगळूर घेतले आणि ते शहाजीराजांकडे आले. १६८७ मध्ये तेच बंगळूर मोगलांकडून तीन लाख रुपयांस चिक्कदेवराज वोडेयारांकडे गेले. १७७१ मध्ये चिनकुरळीच्या लढाईत त्र्यंबकराव पेठ्यांनी हैदरअलीचा पराभव केला आणि त्यामागोमाग मेलकोट्याची लूट झाली. १७८५ मध्ये टिपूच्या फौजेने नरगुंद घेऊन तेथील व्यंकटराव भावे यांस कैदेत टाकले. कोडगूच्या लोकांना त्याच्या राजवटीत जे भोगावे लागले ते तेथील माणूस आजही विसरलेला नाही. आणि १७९१ मध्ये परशुरामभाऊ पटवर्धनांच्या फौजेबरोबर असलेल्या पेंढाऱ्यांनी शृंगेरीचा मठ लुटला. त्यानंतर टिपूने स्वामींना कानडीत पत्रे लिहिली आणि शारदेच्या पुनःप्रतिष्ठेसाठी द्रव्य व धान्य दिले. ती पत्रे १९१६ मध्ये म्हैसूरच्या पुराणवस्तु खात्याचे प्रमुख आर. नरसिंहाचार यांना मठात सापडली.

शृंगेरीची हकीकत निघाली की आमच्यापैकी काही जण तत्काळ म्हणतात, ते पेंढारी होते, मराठे नव्हेत. काही जण टिपूच्या पत्रांमागे राजकारण होते असे सांगतात. मोठ्यांनी हा वाद खुशाल करावा. परंतु नऊ वर्षांच्या मुलासमोर पहिले वाक्य सबबीचे असू नये. पेंढारी आपल्या फौजेबरोबर आले होते. जे झाले ते वाईट झाले. एवढे सरळ वाक्य ज्याने आपल्या बापाच्या तोंडून ऐकले, त्या मुलाला शिवाजीमहाराजांचा अभिमान कमी वाटेल अशी भीती आम्हांस वाटत नाही. उलट परधर्मीयांच्या पवित्र ग्रंथांचा आणि शत्रूच्या स्त्रियांचा मान राखणाऱ्या राजाची आठवण अशा वेळी खरी कामास येते; त्या मापाने मग आपलीच माणसे मोजता येतात. नरगुंद आणि कोडगू यांविषयीही असेच सरळ वाक्य आमच्या कानडी मित्रांच्या घरी बोलले जावे अशी अपेक्षा आपण करू शकतो. मात्र आरंभ आपल्या घरापासून करावा लागेल.

क्रूरतेच्या याद्या लहान मुलांना देऊ नयेत, हे खरेच. त्यांच्या वयाला पेलेल असा मार्ग इतिहासातच आहे. १७९२ मध्ये इंग्रज, निजाम आणि मराठे यांच्या फौजा श्रीरंगपट्टणला वेढा घालून बसल्या. तह ठरला तेव्हा टिपूने आपले दोन मुलगे कॉर्नवॉलिसकडे ओलीस पाठविले. एक सुमारे दहा वर्षांचा, दुसरा आठ. त्या वेळी हरिपंत फडके यांची मराठी फौज विजयी पक्षात होती. दोन वर्षांनी ती मुले परत आली. १७९९ मध्ये टिपू पडला आणि म्हैसूरच्या गादीवर मुम्मडि कृष्णराज वोडेयार बसले, तेव्हा त्यांचे वय जेमतेम पाच होते. दर्यादौलत बागेतील भिंतीवरच्या लढाया पाहून झाल्या की मुलांना तेथेच झाडाखाली बसवावे आणि विचारावे : त्या आठ वर्षांच्या मुलाला छावणीकडे जाताना काय वाटले असेल? पाच वर्षांच्या राजाला राज्य म्हणजे काय वाटले असेल? ‘आपला’ आणि ‘त्यांचा’ हे शब्द तेथे आपोआप मागे पडतात. आपल्याच वयाचे एक मूल समोर येते.

पन्नास वर्षांपूर्वी मंडळ स्थापणाऱ्यांची चिंता ही होती की मुलांची मराठी टिकावी. ती चिंता आजही आहे. परंतु भाषा टिकते ती तीत काही बोलण्यासारखे असेल तर. आमची सूचना लहानशी आहे. येत्या दिवाळीत मंडळाच्या अंगणात मुलांनी दोन किल्ले करावेत : एक रायगड, डोंगरावरचा, दुसरा श्रीरंगपट्टण, कावेरीच्या दोन प्रवाहांमधला. शेजारची कानडी मुले माती कालवायला बोलवावीत. नवरात्रात त्यांनी आपल्याला खाऊ दिला आहे, तर त्यांनाही फराळ द्यावा. आणि मुलाने प्रश्न केला, “हा आपला की त्यांचा?” तर उत्तर द्यावे, “बाळ, दोन्ही किल्ले ज्यांनी बांधले आणि ज्यांनी भोगले, ती सगळी माणसे होती. तू म्हैसूरचा आहेस आणि मराठी आहेस. दोन्हींकडची गोष्ट पुरी ऐक, मग आम्हांला सांग.”

एवढे सांगण्याचे धैर्य आम्हांला झाले, तर पुढल्या पन्नास वर्षांच्या स्मरणिकेत हा लेख त्या मुलांपैकी कोणीतरी आमच्याहून चांगला लिहील.