डीपीतला दुभाष्या

मंडळी, आमच्या मराठवाड्यात ट्रान्सफॉर्मरला डीपीच म्हणतात. रब्बीत "डीपी जळाली" हे ऐकलं की शेतकऱ्याच्या पोटात गोळा येतो. विहिरीत पाणी आहे, पण पिकाला देता येत नाही. जळतं ते बहुधा आतलं वाइंडिंग, म्हणजे लोखंडी गाभ्यावर गुंडाळलेली तार. मी इतिहास शिकवत आलो, म्हणून या गुंडाळीचाही इतिहास सांगतो.

29 ऑगस्ट 1831 रोजी लंडनमध्ये फॅरेडेने दोन वेगळ्या तारा गुंडाळलेल्या लोखंडी कड्यावर प्रयोग केला. एकीतली वीज सुरू किंवा बंद केली की दुसरीत क्षणभर वीज उमटे. तारा एकमेकींना जोडलेल्या नव्हत्या, दुवा फक्त चुंबकत्वाचा!

1915 साली टाटांचं खोपोलीचं वीजकेंद्र सुरू झालं, तिथे हेच तत्त्व कामी आलं. जास्त वेढ्यांच्या गुंडाळीने व्होल्टेज सुमारे 1 लाखापर्यंत चढवलं. त्यामुळे प्रवाह घटला, वाटेतली गळती घटली आणि लोणावळ्याच्या तलावांवर मुंबईच्या गिरण्या चालल्या.

पण लोखंडातल्या चुंबकत्वाचा हिशेब मांडायचा कसा? 1886 मध्ये जॉन आणि एडवर्ड हॉपकिन्सन या बंधूंनी चुंबकत्वाचाही परिपथ मानला. वेढे गुणिले वीजप्रवाह हा दाब, चुंबकीय अभिवाह हा प्रवाह आणि लोखंड किंवा हवेची फट हा रोध. उत्तरं बरोबर येतात, आजही असंच शिकवतात. पण उपमेत एक खोट आहे. विजेच्या रोधात ऊर्जा उष्णता होऊन जाते, चुंबकीय 'रोधा'त मात्र ती साठते आणि परत मिळते. (लोखंडही थोडं तापतं, पण त्याची कारणं वेगळी.)

1948 मध्ये हॉलंडच्या टेलेगनने 'जायरेटर' सुचवला, दाब आणि प्रवाह यांची अदलाबदल करणारा घटक. पुढे अभियंत्यांच्या लक्षात आलं, गुंडाळी नेमकं हेच करते! इकडचा वीजप्रवाह तिकडे दाब होतो आणि इकडचं व्होल्टेज तिकडे अभिवाह बदलण्याचा वेग. जणू दोन भाषांमधला दुभाष्या. मग लोखंड रोध न राहता कपॅसिटर, म्हणजे साठवणारं ठरतं. 1993 मध्ये डेव्हिड हॅमिल यांनी ही मांडणी सविस्तर लिहिली.

वर्गात उपमेशिवाय पान हलत नाही. पण ती कुठे संपते हे सांगितलं नाही, तर मुलं उपमाच पाठ करतात. म्हणून प्रत्येक वेळी विचारावं, ऊर्जा गेली कुठे? जादा भाराच्या डीपीत ती तारेच्या रोधात जाते. तो रोध उपमेतला नाही, खराखुरा आहे. त्याची किंमत शेतकरी मोजतो.

असो.