संग्रहालयाचे दार आणि घटकेचे तिकीट

वस्तुसंग्रहालयाचे तिकीट हा इतिहासाच्या व्याख्यानाचा विषय कसा होऊ शकतो, अशी शंका कार्यक्रमपत्रिका वाचून आपल्यापैकी काहींच्या मनात आली असेल. इतिहास म्हटला की लढाया, तह, राज्यारोहणे आणि पदच्युती यांची आपल्याला सवय. तिकीट म्हणजे काय, तर खिडकीत पैसे सरकवले की हाती पडणारा कागदाचा चिटोरा! परंतु एखाद्या संस्थेने आपले दार कोणासाठी उघडले, किती वेळ उघडे ठेवले आणि आत जाणाऱ्यापासून कोणती अपेक्षा केली, हे जाणून घ्यायचे असेल तर तिच्या उदात्त उद्देशपत्रिकेपेक्षा हा चिटोराच अधिक खरे बोलतो.

आज या विषयाला एक घरगुती निमित्तही आहे. आपल्या गावातील कितीतरी कुटुंबांतील मुलेमुली लंडनला, अॅमस्टरडॅमला, जर्मनीत स्थायिक झाली आहेत, आणि त्यांच्याकडे जाणारे आईवडील चार ठिकाणची संग्रहालये पाहून येतात. परत आल्यावर त्यांची एक तक्रार हमखास ऐकू येते. पॅरिसमध्ये पैसे मोजून सगळ्या संग्रहालयांचा पास घेतला, तो हातात धरून लूव्रच्या दारात गेलो, तर दारावरचा माणूस विचारतो, "आपली वेळ कोणती?" पास आहे, पण वेळ नोंदवलेली नाही, तेव्हा प्रवेश मिळेल याची हमी नाही. मग हे मंडळी म्हणतात, काय हे नवे खूळ! आमच्या वेळी रांगेत उभे राहिले की झाले.

खूळ म्हणायचे तर म्हणा, पण ते नवे नाही. अडीचशे वर्षांहून अधिक जुने आहे.

लंडनमधील ब्रिटिश म्युझियम 15 जानेवारी 1759 रोजी लोकांसाठी उघडले. पानिपतच्या रणसंग्रामाला तेव्हा दोन वर्षांचा अवकाश होता. सर हॅन्स स्लोन या धनाढ्य वैद्याने जन्मभर गोळा केलेला एकाहत्तर हजारांच्या आसपास वस्तूंचा संग्रह, त्याच्या मृत्युपत्राप्रमाणे वारसांना वीस हजार पौंड देऊन, राष्ट्राने 1753 मध्ये घेतला. पैसा कोठून आणायचा, हा प्रश्न सरकारने सोडत काढून सोडवला. म्हणजे विद्येचे हे मंदिर जुगाराच्या पैशावर उभे राहिले. हे सांगताना इंग्रज ग्रंथकार जरा ओशाळतात, आपण ओशाळण्याचे कारण नाही. ब्लूम्सबरी भागातील मॉन्टेग्यू हाउस नावाची एक जुनी हवेली विकत घेऊन तीत हा संग्रह मांडला गेला.

आता दार उघडायचे कसे? कायद्याने संग्रह सर्व "अभ्यासू आणि जिज्ञासू" माणसांसाठी होता, आणि प्रवेशाला पैसे नव्हते. विश्वस्तांना मात्र धास्ती होती ती गर्दीची. आणि गर्दीपेक्षाही गर्दी ज्यांची होते त्या लोकांची. म्हणून त्यांनी नियम केले. ज्याला संग्रहालय पाहायचे असेल त्याने दरवानाकडे लेखी अर्ज द्यावा. त्यात नाव, व्यवसाय अथवा दर्जा आणि राहण्याचे ठिकाण लिहावे. दरवानाने ते वहीत उतरवून मुख्य ग्रंथपालापुढे ठेवावे. ग्रंथपालाने माणूस योग्य आहे असे ठरवले तर तिकीट मिळे. त्या तिकिटावर दिवस आणि तास नेमलेला असे, आणि एका तासाला दहापेक्षा अधिक तिकिटे द्यायची नाहीत असा दंडक होता. म्हणजे एकदा अर्ज द्यायला जायचे, एकदा तिकीट आणायला जायचे आणि मग प्रत्यक्ष पाहायला. आत गेल्यावरही मोकळे फिरता येत नसे. अधिकारी पुढे, टोळी मागे, अशी फेरी निघे.

या व्यवस्थेची जी हकीकत परदेशी आणि परगावच्या प्रवाशांनी लिहून ठेवली आहे ती फार बोलकी आहे. कार्ल फिलिप मोरित्स नावाचा जर्मन लेखक 1782 मध्ये इंग्लंडला आला. एरवी पंधरा दिवस आधी नाव द्यावे लागते, असे तो नमूद करतो; त्याची सोय संग्रहालयातल्याच एका ओळखीच्या माणसामुळे लवकर झाली. ओळख असली की काम होते, हा अनुभव केवळ आपल्या कचेऱ्यांतलाच नाही, एवढा दिलासा यातून घ्यावा. मोरित्सला ते अफाट दालनसमूह तासाभरात उरकावे लागले. त्याच्या हाती त्या संग्रहाचे जर्मन भाषेत लिहिलेले वर्णन होते. त्यावरून तो काय काय सांगू शकतो हे पाहून टोळीतील इतर माणसे त्याच्याभोवती जमली, आणि दाखवणाऱ्या अधिकाऱ्याच्या चेहऱ्यावर तुच्छता उमटली.

दुसरा प्रवासी अधिक महत्त्वाचा. विल्यम हटन हा बर्मिंगहॅमचा पुस्तकविक्रेता. बालपण रेशमाच्या गिरणीत काबाडकष्ट करण्यात गेलेले, शाळा नावाला, जे काही शिकला ते स्वतःच्या हिमतीवर. पुढे त्याने आपल्या शहराचा इतिहास लिहिला. कायद्यातील "अभ्यासू आणि जिज्ञासू" हे शब्द जणू त्याच्याचसाठी लिहिलेले. 1784 मध्ये तो लंडनला आला. सरळ मार्गाने तिकीट मिळायला त्याच्याजवळ दिवस नव्हते. तेव्हा ज्याच्याजवळ तिकीट होते अशा एका माणसाला सुमारे दोन शिलिंग देऊन त्याने ते विकत घेतले. ध्यानात घ्या, तिकीट फुकट होते! पण संख्या ठरली, तास ठरला, की फुकट वस्तूलाही भाव येतो, आणि हा भाव संस्थेच्या तिजोरीत न जाता मधल्या माणसाच्या खिशात जातो. आत सुमारे दहा जणांची टोळी होती. हटनने वाटाड्याला काही विचारले, तेव्हा उत्तर आले ते असे की, एकेक वस्तू सांगत बसायचे की काय, पुष्कळांवर नावे लिहिलेली आहेत की. मग टोळी मुकाट्याने, पाय न वाजवता चालत राहिली. अर्ध्या तासात सगळे घर पाहून झाले. ज्याचा अर्थ कळत नाही ते आश्चर्य माझ्या काय कामाचे, अशा आशयाचे हटनने मागाहून लिहिले आहे, आणि ते वाचताना त्या माणसाबद्दल मन हळहळल्यावाचून राहत नाही.

समुद्रापलीकडे फ्रान्समध्ये राज्यक्रांतीने राजाचा वाडाच लोकांच्या हवाली केला. लूव्र 10 ऑगस्ट 1793 रोजी उघडले. राजसत्ता कोसळली त्याला बरोबर एक वर्ष झाले होते. क्रांतिकारकांनी आठवडा दहा दिवसांचा केला होता, त्यातले तीन दिवस सर्वसामान्य लोकांना आणि बाकीचे मुख्यत्वे नक्कल करण्यासाठी येणाऱ्या चित्रकारांना. पुढे नेपोलियनच्या काळात एक गमतीचा प्रघात पडला. पॅरिसच्या रहिवाशाला ठरावीक दिवशीच प्रवेश, पण परदेशी प्रवाशाने आपला पासपोर्ट दाखवला की त्याला इतर दिवशीही आत सोडत. प्रवाशासाठी निराळी सवलत असलेला पास हाच म्हणायला हरकत नाही! लूव्रला प्रवेशमूल्य बसले ते पुष्कळ उशिरा, 1922 मध्ये.

लंडनचे दार हळूहळू सैल झाले. 1810 पासून नीटनेटक्या दिसणाऱ्या कोणालाही आठवड्यातून तीन दिवस तिकिटाशिवाय आत जाता येऊ लागले. पण सुट्टीच्या दिवशी उघडण्याला विरोध कायम होता. 1835 मध्ये पार्लमेंटच्या समितीपुढे मुख्य ग्रंथपाल सर हेन्री एलिस यांनी साक्ष दिली, तिचा मथितार्थ असा की, सणासुदीला शहरातील उपद्रवी लोक बाहेर पडलेले असतात, त्यांना आत घेणे धोक्याचे. 1837 च्या ईस्टर सोमवारी अखेर दार उघडले. वीस हजारांहून अधिक माणसे आली, पाहून गेली, आणि काही मोडले नाही, काही हरवले नाही. गिरणीकामगार आणि मोलकरणी यांना मूर्तीला धक्का न लावता तिच्याजवळून जाता येते, हे सिद्ध व्हायला 1759 पासून अठ्ठ्याहत्तर वर्षे लागली.

याच इमारतीत वाचनाची स्वतंत्र सोय होती. 1857 मध्ये तेथे प्रसिद्ध गोल वाचनालय उघडले. त्यालाही तिकीट लागे, त्यासाठीही अर्ज करावा लागे. पण ते मिळाल्यावर वाचकाला सकाळपासून बंद होण्याच्या घंटेपर्यंत बसता येई. 1920 नंतरच्या काही वर्षांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर दिवसचे दिवस या वाचनालयात बसत, हे आपणा सर्वांना ठाऊकच आहे. महाडच्या तळ्यावरचा सत्याग्रह व्हायचा होता तो 1927 साली. सार्वजनिक म्हणवणाऱ्या पाण्यापाशी ज्याच्या समाजाला जाता येत नव्हते, त्याच्या हातात लंडनमध्ये वाचकाचे एक साधे तिकीट होते. मुंबईत भायखळ्याला व्हिक्टोरिया राणीच्या नावाचे संग्रहालय 1872 पासून लोकांना खुले होते; 1975 साली त्याला डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव मिळाले. दाराचा विचार करताना या सगळ्या गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून पाहाव्यात असे मला वाटते.

तर, जो तास एकदा तिकिटावरून पुसला गेला तो पुन्हा का आला?

आला तो दोन वाटांनी. पहिली वाट गर्दीची. 1972 मध्ये ब्रिटिश म्युझियममध्ये तूतनखामेनच्या थडग्यातील वस्तूंचे प्रदर्शन भरले. सुमारे सतरा लाख माणसे आली. कित्येक जण आठ आठ तास रांगेत उभे होते. पुढे अमेरिकेत हेच नाव घेऊन प्रदर्शन गेले तेव्हा न्यूयॉर्कमध्ये तिकिटे आगाऊ विकण्याचा मार्ग पत्करला गेला. रांग कमी करायची तर ती काळावर पसरावी लागते, हा त्यातला हिशेब. लूव्रला 2018 मध्ये एक कोटीहून अधिक प्रेक्षक आले, तेथील कर्मचाऱ्यांनी 2019 मध्ये गर्दीला कंटाळून काम बंद केले. 2020 च्या महासाथीनंतर तर बहुतेक सर्व मोठी संग्रहालये नेमलेल्या वेळेवर आली, आणि लूव्रने दिवसाला तीस हजारांची मर्यादा घातली. आपल्याकडे ताजमहालाच्या तिकिटाला 2018 पासून तीन तासांची मुदत आहे.

पास आणि वेळ या दोन वस्तू निरनिराळ्या का, याचा उलगडा येथे होतो. पास हा पैशाचा व्यवहार आहे: एकदा रक्कम भरा, अनेक दारांवर पुन्हा खिसा चाचपू नका. हॉलंडमध्ये असा वार्षिक पास 1981 पासून आहे, आणि तो घेणारा माणूस दुपारी सहज उठून एकच दालन पाहून घरी जाऊ शकतो; यासारखे सुख नाही. पण पासाने इमारतीतली जागा वाढत नाही. म्हणून प्रवाशाने आधी वेळ नोंदवावी, ती मिळते की नाही हे पाहावे, मगच पासाचे पैसे भरावेत. बहुतेक जण नेमके याच्या उलट करतात.

आणि हटनचा तो दोन शिलिंगवाला माणूस? तोही परत आला आहे. रोममधील कोलोसियमची तिकिटे यंत्रांकरवी क्षणार्धात उचलून चढ्या भावाने विकण्याचा धंदा इतका माजला की, 2023 पासून तिकिटावर प्रवाशाचे नाव घालणे सुरू झाले, आणि 2025 मध्ये इटलीच्या स्पर्धा नियामकाने तिकिटांची जबाबदारी असलेली संस्था आणि काही प्रवासी कंपन्या यांना मिळून सुमारे दोन कोटी युरोंचा दंड केला. नाव, दिवस, तास. मॉन्टेग्यू हाउसच्या दरवानाच्या वहीतलेच रकाने हे. फरक इतकाच की दर्जाचा रकाना आता नाही. निदान उघडपणे नाही. रांगेत ज्याच्याजवळ वेळ आहे तो जिंकत असे; आज ज्याच्याजवळ कार्ड आहे, परकी भाषा आहे आणि दोन महिने पुढचे पाहण्याइतकी निश्चिंती आहे तो जिंकतो. हा बदल केवळ सोयीचा मानणे मला पटत नाही.

दुसरी वाट मात्र मला सर्वस्वी मान्य आहे. ती श्वासाची वाट. मिलानमधील एका मठाच्या भोजनगृहात भिंतीवर लिओनार्दोने शेवटच्या भोजनाचा प्रसंग रंगवला आहे. ओल्या गिलाव्यावर न रंगवता त्याने कोरड्या भिंतीवर रंग चढवले, त्यामुळे ते त्याच्या हयातीतच सुटू लागले. वीस वर्षांहून अधिक चाललेले जीर्णोद्धाराचे काम 1999 मध्ये संपले, तेव्हापासून माणसांच्या अंगाची धूळ, दमटपणा आणि उष्णता मोजून आत सोडली जाते. आधी नोंदणी, मग दोन दारांमधील हवा गाळणारी खोली, मग मोजक्या माणसांची तुकडी, आणि पंधरा मिनिटे. अजिंठ्याच्या रंगीत लेण्यांत उभे राहिलेल्या माणसाला याचे कारण समजावून सांगावे लागत नाही.

पंधरा मिनिटे ऐकून प्रवासी नाराज होतात. पण हटनला अर्ध्या तासात अख्खे संग्रहालय दाखवले होते. येथे तेवढ्याच्या निम्म्या वेळात समोर एकच भिंत असते, मागून कोणी ढकलत नाही आणि पुढच्या दालनात चला म्हणून कोणी हाकारत नाही. मिलानला जाणाऱ्याने ही वेळ सर्वांत आधी नोंदवावी आणि आगगाडीचे तिकीट त्यानंतर काढावे.