लेखन, उच्चार आणि स्मृती : अरबी व लाओ या भाषांच्या निमित्ताने

अरबी आणि लाओ या दोन भाषांची तुलना करू पाहणाऱ्याच्या हाती प्रथमदर्शनी फारसे काही लागत नाही. एक सेमिटिक कुळातील, दुसरी ताई कुळातील. अरबीत तीन व्यंजनांचा धातू स्थिर राहतो आणि त्यांच्यामधील स्वर बदलत शब्दांचा गोतावळा वाढत जातो. इल्म, आलिम, मालूम, तालीम ही सारी एकाच धातूची संतती होय. यांतील ‘मालूम’ आणि ‘तालीम’ हे शब्द फारसीच्या वाटेने मराठीत आले. पण ते सख्खे आहेत हे मराठी कानाला उमगत नाही, कारण धातू आपल्याकडे आलाच नाही, आली ती सुटी रूपे. लाओचे याच्या अगदी उलट आहे. तिचे मूळचे शब्द बहुधा एकाक्षरी आणि अविकारी. काळ-वचनासाठी त्यांचे रूप पालटत नाही आणि अर्थभेदाचे मोठे काम उच्चारातील सुराची चढउतार करते. कुळ, रचना, प्रदेश यांपैकी काहीच समान नसताना या दोन भाषा शेजारी का ठेवाव्यात?

त्याचे कारण लेखनात आहे. लेखनाने उच्चारामागे जावे की इतिहासामागे, या प्रश्नाला विसाव्या शतकात या दोन समाजांनी परस्परविरुद्ध उत्तरे दिली. साहित्याच्या अभ्यासकाने हा प्रश्न वैयाकरणांवर सोपवून मोकळे व्हावे असा तो नाही. कोणत्या पिढीला कोणते ग्रंथ वाचता येतील हे त्यावरच ठरते.

अरबी लेखनाची गोष्ट सुपरिचित असली तरी तिच्यातील एक वैशिष्ट्य पुरेसे लक्षात घेतले जात नाही. अठ्ठावीस अक्षरांच्या या लिपीत ऱ्हस्व स्वर सामान्यतः लिहिले जात नाहीत. ते वाचकाने पुरवावयाचे असतात. आठव्या शतकाच्या उत्तरार्धात सीबवैहीने, जो जन्माने इराणी होता, अरबीचे बृहद्व्याकरण रचले. त्याचा गुरू खलील याने कोशातील वर्णांचा क्रम कंठापासून ओठांपर्यंत लावला. यामागे भारतीय वर्णविचाराची प्रेरणा असावी असा तर्क काहींनी केला आहे. तो आकर्षक आहे, सिद्ध मात्र नाही. या व्याकरणाने बांधून दिलेली भाषा, म्हणजे फुस्हा, लेखनात आजही टिकून आहे. बोली मात्र दूर गेल्या. एकाच अक्षराचा उच्चार कैरोत ‘ग’, दमास्कसमध्ये ‘झ’ला जवळचा आणि आखाताच्या काही भागांत ‘य’ होतो. लेखन एकच राहते. चार्ल्स फर्ग्युसन यांनी 1959 साली भाषेच्या उच्च व नित्य अशा दोन स्तरांच्या सहजीवनाला ‘डायग्लॉसिया’ ही संज्ञा दिली, तेव्हा अरबी हे त्यांच्या प्रमुख उदाहरणांपैकी एक होते.

ही स्थिती लेखकाला सुखाची नव्हती. हैकल यांनी ‘झैनब’ या 1913 च्या कादंबरीत संवादांपुरती बोली स्वीकारली. नजीब महफूझ यांनी कैरोच्या गल्लीबोळांतील माणसांच्या तोंडीही फुस्हाच घातली, आणि 1988 साली नोबेल पारितोषिक मिळेपर्यंतच नव्हे, तर त्यानंतरही ही भूमिका सोडली नाही. सर्वांत मार्मिक तोड तौफीक अल-हकीम यांची म्हणावी लागेल. 1956 च्या ‘अस्-सफ्का’ या नाटकात त्यांनी ‘तिसरी भाषा’ योजली : संवाद असे की फुस्हाच्या वळणाने वाचावे तर ते शुद्ध ठरावेत आणि बोलीच्या वळणाने उच्चारावे तर शेतकऱ्याच्या तोंडी शोभावेत. प्रयोग पूर्णतः साधला असे नाही. पण तो सुचू शकला, याचे श्रेय न लिहिलेल्या स्वरांना जाते. ज्या लेखनाला अपुरे म्हणून दोष दिला जातो, त्याच्या अपुरेपणातच येथे नाट्यभाषेची शक्यता दडलेली होती.

आता लाओकडे वळू. या लिपीचे मूळ ख्मेर लिपीमार्गे भारतात जाते. अक्षरांचा क्रमही ढोबळमानाने आपलाच. पाली-संस्कृत शब्दांचा भरणाही मोठा आहे : ‘फासा’ म्हणजे भाषा, ‘आचान’ म्हणजे आचार्य, ‘खू’ म्हणजे गुरू. प्रश्न असा की असे शब्द मुळाप्रमाणे लिहावेत की उच्चाराप्रमाणे? शेजारच्या थाई भाषेने पहिला मार्ग धरला. तीत चंद्र आणि चंदन या दोन्ही शब्दांचा उच्चार ‘चान’ असाच होतो, पण लेखनात अनुच्चारित अक्षरे राखून दोन्ही वेगळे दाखवले जातात. लाओत दोन्ही एकाच तऱ्हेने लिहिले जातात. गंमत अशी की देशाच्या राजधानीचेच नाव ‘विआंग चान’ आहे. ही चंदनाची नगरी की चंद्राची? थाई लेखन चंदन असे निःसंदिग्ध सांगते. लाओ लेखन काहीच सांगत नाही आणि दोन्ही अर्थ लोकांत सुखेनैव नांदतात.

हे आपोआप घडलेले नाही. 1930 च्या दशकात महासिला वीरवोंग या पंडिताने लाओचे व्याकरण रचताना पाली-संस्कृत शब्द मुळाबरहुकूम लिहिता यावेत म्हणून लिपीत जादा अक्षरे घालण्याचा आग्रह धरला होता. ती अक्षरे सर्वमान्य झाली नाहीत. याउलट फूमी वोंगविचित या क्रांतिकारक नेत्याचे 1967 चे व्याकरण उच्चारानुसारी लेखनाचा पुरस्कार करणारे होते. मुळाबरहुकूम लेखन हे त्या दृष्टीने दरबाराचे आणि सयामी वर्चस्वाचे अवशेष. 1975 मध्ये राजेशाही संपली, फूमी शिक्षणमंत्री झाले आणि हीच नीती शाळांत गेली. ‘र’ हे अक्षर वर्णमालेतून वगळण्यात आले, कारण बोलण्यात त्याचा ‘ल’ वा ‘ह’ झालेलाच होता. वाणीच्या अग्रपूजेची चिकित्सा करणारा देरिदा यांचा लेखनमीमांसेवरील ग्रंथही 1967 चाच, हा योगायोग नमूद करण्याजोगा आहे.

तथापि ‘जसा उच्चार तसे लेखन’ हे तत्त्व लाओतही पूर्णांशाने पाळले गेलेले नाही. मुळातल्या ‘ख’ आणि ‘ग’ या दोन्ही वर्णांचा उच्चार आज ‘ख’ असाच आहे. ‘गुरू’चा ‘खू’ झाला तो यामुळे. तरीही दोन अक्षरे कायम आहेत, कारण अक्षराच्या वर्गावर शब्दाचा सूर ठरतो. लोपलेला घोष सुराच्या रूपाने उरला आणि लेखनाने तो जपला. विस्मरणाचे धोरण येथे भाषेच्या घडणीपुढे थांबले.

लिपीच बदलण्याचे प्रस्ताव दोन्हीकडे जवळजवळ एकाच काळात आले, हेही पाहण्याजोगे. कैरोच्या अरबी भाषा अकादमीत अब्दुल अझीझ फहमी या कायदेपंडिताने 1940 च्या दशकाच्या आरंभी रोमन अक्षरांचा पुरस्कार केला आणि मोठा गदारोळ उठला. तिकडे फ्रेंच इंडोचीनमध्ये कंबोडियासाठी रोमन लिपीचा हुकूम 1943 साली निघाला व 1945 साली रद्द झाला. पहिला प्रस्ताव घरच्या सुधारकाचा, दुसरा परक्या प्रशासनाचा; त्यांना एकाच मापाने मोजणे अन्यायाचे होईल.

लिपी सुटली की काय होते, याची दोन उदाहरणे माझ्या मते या तुलनेत सर्वांत बोलकी आहेत. माल्टी भाषा अरबीच्याच एका बोलीतून उपजली. ती रोमन लिपीत लिहिली जाऊ लागली, 1934 मध्ये बेटाची अधिकृत भाषा झाली आणि आज तिला अरबीची बोली कोणी म्हणत नाही. लाओचे बहुसंख्य भाषक लाओसमध्ये नाहीत, ते थायलंडच्या इसान या ईशान्य भागात आहेत. तेथे लेखन थाई लिपीत आणि थाई भाषेत होते, म्हणून त्यांची वाणी थाईची ‘बोली’ ठरली. महासिला स्वतः याच इसानात जन्मले होते, हे लक्षात घेतले म्हणजे त्यांचा अक्षरांचा आग्रह केवळ पांडित्याचा वाटत नाही.

लेखनसुधारणेने लाओ वाचक परंपरेला मुकला, अशी हळहळ व्यक्त होते. ती मला अर्धसत्य वाटते. जुने धर्मग्रंथ आणि पुष्कळसे कथाकाव्य तालपत्रांवर ‘थाम’ या निराळ्या लिपीत आहे. शाळेत शिकलेल्याला ती लिपी पूर्वीही वाचता येत नव्हती. ती भिक्षूंची विद्या होती आणि इतरांपर्यंत ते वाङ्मय पठणातून, खेनच्या साथीवर गाइलेल्या गीतांतून पोचत असे. 1992 ते 2004 या काळात जर्मन साहाय्याने विहारांतील हस्तलिखितांचे जतन झाले आणि 2009 पासून ती संगणकावर पाहता येतात. वाचणारे मात्र थोडेच. मोडीतील दप्तरांशी आपले नाते आठवले तर यात नवल वाटू नये. 1962 च्या नियमांनी मराठीतील अनुच्चारित अनुस्वार गेले तेव्हा झालेला वाद आपल्याकडे तीव्र होता, पण दुरावा त्याआधी मोडीच्या अस्ताने घडून चुकला होता.

लाओत वगळलेला ‘र’ अलीकडे पुन्हा दिसू लागला आहे, तो मुख्यतः परदेशी नावे लिहिण्यापुरता. रामकथेच्या लाओ अवताराचे नाव मात्र आजही ‘फा लाक फा लाम’ असेच लिहिले जाते.