विंधन विहीर आणि गुरांचा वाटा

दुष्काळाचा इतिहास लिहिताना धान्याचे भाव व मजुरीची कामे यांचा विचार विस्ताराने होतो. पाण्याच्या वाटणीचा मात्र ओझरता उल्लेख आढळतो. महाराष्ट्रातील १९७२ च्या दुष्काळाच्या संदर्भात ही उणीव विशेष जाणवते. कारण त्या सुमारास पाणी मिळविण्याचे साधनच बदलत होते.

दख्खनच्या काळ्या कातळात पाणी मुख्यत्वे वरच्या झिजलेल्या थरात आणि खालच्या भेगांत साठते. उघडी विहीर बहुधा वरच्या थरावर अवलंबून असे. तो आटला की ती कोरडी पडे. कठीण खडक यंत्राने भेदून खालच्या भेगांपर्यंत पोचणे, हा त्यावरील उपाय ठरला. १९६६-६७ च्या बिहारमधील दुष्काळात युनिसेफने अशी यंत्रे भारतात आणली. परंतु बिडाचे प्रचलित हातपंप एका कुटुंबापुरते घडविलेले असल्याने साऱ्या गावाच्या वापराखाली मोडत. जालना व सोलापूर येथे त्यांत सुधारणा झाल्या, आणि सोलापूरच्या पंपावरूनच १९७० च्या दशकात ‘इंडिया मार्क दोन’ सिद्ध झाला.

या साधनाने असंख्य घरांची तहान भागविली, हे निर्विवाद होय. तथापि त्याची मर्यादा साध्या हिशेबाने कळते. १९७२-७३ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या ग्रामीण पाणीपुरवठा कार्यक्रमात पुढे माणशी दररोज ४० लिटर आणि २५० माणसांमागे एक हातपंप, असे मान रूढ झाले. म्हणजे दिवसाचे १०,००० लिटर. मिनिटास १२ लिटर उपसले, तरी त्यास सुमारे १४ तास लागतात. मोठ्या जनावरास उन्हाळ्यात ४०-५० लिटर सहज लागतात. ते कोणी, केव्हा उपसावयाचे? मोटेच्या विहिरीवर बैलच पाणी ओढीत आणि गुरे तेथेच पीत. हातपंपावर प्रत्येक घागर माणसाच्या दंडाने भरावयाची, आणि तो दंड बहुधा घरातील स्त्रीचा.

वाळवंटी प्रदेशांपुरती त्या कार्यक्रमात गुरांसाठी माणशी ३० लिटरची जादा तरतूद झाली. अन्यत्र छावणी किंवा बाजार, हेच मार्ग उरत. ज्याचे बैल बाजारात गेले, त्यास पाऊस येऊनही वेळेवर पेरणी साधणे कठीण. म्हणून गुरांचे पाणी हा घराच्या पाण्याहून वेगळा प्रश्न मानता येत नाही. शेतकऱ्याचे घर उभे राहते, ते दोहोंच्या आधारावर.